जावास्क्रिप्टमधील लेट वापरलेल्या फॉर लूपचे ईएस५मधील (भाषेच्या जुन्या आवृत्तीतील) रूपांतर चुकते आहे का?

प्रश्न: माझ्या फॉर लूपमध्ये ‘लेट आय’ आहे, म्हणजे फेऱ्या मोजणारा आय हा चल लेटने घोषित केला आहे. यादीतील एखादा शब्द पर्यायाचे नाव निघाल्यास पुढचा शब्द ओलांडण्यासाठी मी लूपच्या आतच आय एकने वाढवतो. मूळ कोड नीट चालतो, परंतु ईएस५मध्ये रूपांतरित झाल्यावर ओलांडायचा शब्दही हाताळला जातो. त्याच लूपमध्ये सेटटाइमआउटला (काही वेळाने फंक्शन चालवणाऱ्या सोयीला) दिलेले एक फंक्शनही आय वापरते.

उत्तर १: दोष त्या फंक्शनपाशीच दडलेला दिसतो. लेट आणणाऱ्या ईएस२०१५ या आवृत्तीनुसार प्रत्येक फेरीला आयची स्वतंत्र प्रत मिळते आणि फेरी संपताना तिची किंमत नव्या प्रतीत उतरवून मगच ती वाढवली जाते. ईएस५मध्ये केवळ व्हार (फेरीगणिक नवी प्रत न देणारी जुनी घोषणा) असल्याने, लूपमधले एखादे फंक्शन आय वापरत असेल तर कंपायलर (कोडचे रूपांतर करणारा प्रोग्राम) लूपचा गाभा वेगळ्या फंक्शनमध्ये गुंडाळतो आणि आय त्याला पॅरामीटर म्हणून देतो. आत केलेली वाढ बाहेरच्या आयपर्यंत परत पोहोचवली नाही, तर ती तिथेच विरते. सेटटाइमआउट काढून पाहा. लूप सुधारला, तर हेच कारण समजावे.

उत्तर २: सहमत. लूपमध्ये कंटिन्यू (थेट पुढच्या फेरीकडे नेणारी आज्ञा) असल्यास गुंडाळलेल्या फंक्शनमध्ये त्याचा रिटर्न होतो, त्यामुळे किंमत परत देण्याचे काम त्याआधीही व्हावे लागते, आणि नेमकी हीच वाट कंपायलर लिहिणाऱ्यांच्या नजरेतून सुटते. तूर्त सेटटाइमआउटची ओळ लूपबाहेरच्या फंक्शनमध्ये हलवून त्याला आय द्यावा. जुने ब्राउझर सांभाळायचे नसतील, तर कंपायलरचे टार्गेट (ज्या आवृत्तीत रूपांतर करायचे ती) ईएस२०१५ ठेवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.