पुढचा भाग कुठल्या गेमचा यायला हवा? फॅमिली ग्रुपवरची चर्चा

मामा: मंडळी, आज सगळे निवांत दिसताय म्हणून विचारतो. कुठल्या गेमचा पुढचा भाग सगळ्यात आधी यायला हवा? माझं मत बाइकच्या शर्यतीत मारामारी करायच्या रोड रॅशला. १९९१ पासूनची मालिका, आणि २००० च्या जेलब्रेकनंतर तिच्याकडे कुणी ढुंकून पाहिलेलं नाही.

दादा: हाफ-लाइफ. यात चर्चा कसली करायची?

सोनू: दादा, कारण तरी दे ना.

दादा: देतो की. दुसरा भाग २००४ ला आला, मग २००६ आणि २००७ ला एकेक छोटा एपिसोड. तिसराही ठरला होता, तो आलाच नाही. दुसऱ्या एपिसोडच्या शेवटी नायकाच्या साथीला असलेल्या अ‍ॅलिक्सच्या डोळ्यांदेखत तिचे वडील एली मारले जातात, ती त्यांना कवटाळून रडते आणि स्क्रीन काळी होते. इतक्या वर्षांत पुढचं पान कुणी उलटलंच नाही. गोष्ट अशी अर्ध्यात टाकून उठतात का?

ताई: अरे पण २०२० ला हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्स आला होता ना?

दादा: आला आणि फार सुंदर आहे. पण तो घडतो दुसऱ्या भागाच्या आधी, आणि खेळायला व्हीआर हेडसेट लागतो. शेवटी तर तोच मृत्यू उलटवला आहे. एली वाचतो, त्याच्या बदल्यात जी-मॅन नावाचा गूढ माणूस अ‍ॅलिक्सला घेऊन जातो आणि एली आपल्या हातात तो जुना क्रोबार (नायकाची लोखंडी पहार) देतो. म्हणजे एक गाठ सोडवली आणि दुसरी घट्ट मारून ठेवली. आता पुढचा भाग नाही काढला तर हा शेवट लिहिलाच कशाला?

वहिनी: पण तिसरा एपिसोड अडला कुठे?

दादा: वहिनी, २०२४ मध्ये हाफ-लाइफ २ ला वीस वर्षं झाली तेव्हा तो बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीनेच एक माहितीपट काढला. त्यात बर्फाची बंदूक वगैरे केलेलं काम दाखवलंय. पण कंपनीचा प्रमुख गेब न्यूएलचं म्हणणं असं की नुसती कथा पुढे न्यायची म्हणून गेम काढणं त्याला पटेना, खेळण्यात नवं काही सापडायला हवं होतं. कथालेखक मार्क लेडलॉ यांनी तर कंपनी सोडल्यावर, २०१७ ला, पात्रांची नावं बदलून त्या एपिसोडची गोष्ट पत्राच्या रूपात आपल्या ब्लॉगवर टाकली. ती वाचून मला खरंच वाईट वाटलं होतं.

ताई: अर्ध्या गोष्टीचंच म्हणशील तर माझं मत २००८ च्या प्रिन्स ऑफ पर्शियाला. ज्यांना खेळायचाय त्यांनी हा मेसेज सोडून द्या, शेवट सांगतेय.

त्यात नायकासोबत राजकुमारी एलिका असते. उडी चुकली की दर वेळी तीच हात धरून वर ओढते, "गेम ओव्हर" असं कधी येतच नाही. शेवटी अहरिमान या दुष्ट देवाला कोंडण्यासाठी ती जीव देते. तिला उचलून आपण मंदिराबाहेर आणतो, पडद्यावर शेवटची नावं यायला लागतात, वाटतं संपलं. पण कंट्रोलर अजून चालतोय. मग लक्षात येतं की गेम आपल्याकडूनच अहरिमानला कोंडून ठेवणारी झाडं तोडून घेणार आहे, म्हणजे तिचा जीव परत येईल आणि अहरिमानही सुटेल. नुसतं बघत बसायचं नाही, प्रत्येक झाड स्वतः तोडायचं. ती डोळे उघडते आणि विचारते, "का?"

पुढे एपिलॉग नावाच्या जोड-भागात ती रागाने नायकाला सोडून निघून जाते, आणि तिथेच सगळं थांबलं. २०१० ला मालिका परत सँड्स ऑफ टाइमच्या जुन्या कथेकडे वळली. २०२४ चा लॉस्ट क्राउन उत्तम आहे, पण त्याचा नायक सार्गोन, गोष्टच वेगळी. एलिकाच्या त्या "का?" ला उत्तर कोण देणार?

मामा: ताई, हे वाचून अंगावर काटा आला.

सोनू: माझं मत टायटनफॉल. जरा लांबलचक होईल, पण पूर्ण वाचा.

तुम्ही दोघं कथा अर्धी राहिली म्हणताय. माझं म्हणणं, जिची कल्पना ऐन भरात असताना थांबवली गेली त्या मालिकेचा हक्क पहिला. टायटनफॉल २ मध्ये पायलट भिंतीवर धावतो, घसरतो, हवेत दुसरी उडी मारतो आणि वेग कुठे तुटत नाही. मग आभाळातून टायटन, म्हणजे अजस्र रोबो, कोसळतो, त्यात बसलं की तोच गेम एकदम जड, दमदार होतो. कॅम्पेन, म्हणजे त्यातली कथा, सहा-सात तासांचं, पण जवळपास प्रत्येक लेव्हलला नवी युक्ती.

"इफेक्ट अँड कॉज" लेव्हल घ्या. मनगटावरच्या यंत्राने एका बटणात काळ बदलतो. आत्ताच्या काळात इमारत जळून पडकी झालेली, जुन्या काळात तीच झगझगीत आणि सैनिकांनी भरलेली. समोर दरी आहे, पलीकडे भिंत नाही. तरी उडी मारायची, हवेत बटण दाबायचं, जुन्या काळातली भिंत समोर येते आणि आपण तिच्यावर धावत सुटतो. आणि ही युक्ती त्या एकाच लेव्हलपुरती! दुसऱ्या कुणी यावर अख्खा गेम काढला असता.

आणि नशीब बघा. गेम आला २८ ऑक्टोबर २०१६ ला. आठवडाभर आधी त्याच प्रकाशक कंपनीचा, ईएचा बॅटलफिल्ड १, आठवडाभराने नवा कॉल ऑफ ड्यूटी. मधे सापडून विक्री अपेक्षेपेक्षा कमी झाली. खेळ कमी पडला नव्हता, तारीख चुकली होती. मला याचा आजही राग येतो.

दादा: पण एपेक्स लेजेंड्स त्याच दुनियेतला आहे की.

सोनू: दुनिया तीच, पण २०१९ ला आला तेव्हा त्यात ना टायटन होते ना भिंतीवरचं धावणं. आणि टायटनफॉल २ ची नावं संपल्यावर नायक जॅक कूपरचं हेल्मेट लुकलुकतं आठवतंय? त्या उघडझापीत "जॅक?" अशी हाक दडलेली आहे. म्हणजे त्याचा टायटन बीटी कुठेतरी शिल्लक आहे. तुझ्या कसोटीवरही माझा गेम बसतो, दादा.

वहिनी: उशीर झाला म्हणून आशा सोडायची नाही. टूडी मेट्रॉइडची कथा २००२ च्या फ्यूजननंतर थेट २०२१ च्या ड्रेडमध्ये पुढे सरकली, आणि काय गेम निघाला! हॉलो नाइटचा पुढचा भाग सिल्कसाँग २०१९ ला जाहीर झाला, सप्टेंबर २०२५ ला हातात आला. उलट शेनम्यू ३ चाहत्यांच्या पैशांवर उभा राहिला, पण गोष्ट तेव्हाही संपवली नाही. म्हणून सोनूचं पटतं, नुसता शेवट हवा म्हणून पुढचा भाग नको.

मामा: मग माझ्या रोड रॅशचं काय? पडल्यावर उठून धावत आपल्या बाइककडे जायचं, बाजूने बाकीचे सुसाट निघून जाताहेत. समोरच्याच्या हातातला दंडुका हिसकावून त्यालाच हाणायचा. हे पुन्हा कुठे मिळालं?

सोनू: मामा, २०१७ चा रोड रिडेम्प्शन त्याच वाटेवरचा आहे, बघ जमला तर. पण ते धावत बाइककडे जाणं, बरोबर बोललास. जिंकण्याइतकंच पडणंही खेळायला मिळायचं.

दादा: मी हाफ-लाइफवरून हलत नाही. दुसरा नंबर टायटनफॉलला.

ताई: माझाही पहिला नंबर एलिकाचाच. दुसरा टायटनफॉल.

मामा: सगळ्यांचा दुसरा नंबर एकच असेल तर मला तो खेळायलाच हवा. एकट्याला जमेल ना?

सोनू: आरामात. कॅम्पेन एकट्यानेच खेळायचं असतं. फक्त सुरुवातीची गाँटलेट, म्हणजे सरावाची धाव, एकदा धावून पुढे जाऊ नको, दोन-तीनदा धाव. भिंतीवर पाय बसला की मग पुढे सगळं आपोआप होतं. आणि त्या काळाच्या लेव्हलपर्यंत पोचलास की लगेच इथे लिही.