आजची सहल – मटण १६० वर अडकलंय, लगेच कळवा

भोजन समिती:
मंडळी, पहाटे लॅम्बचे दोन्ही खांदे लावले. स्मोकर (लाकडाच्या धुरावर मंद शिजवायची भट्टी) २५० फॅरेनहाइटला स्थिर आहे, पण मटण नऊपासून १६० वर बसलंय, मध्ये तर १५९ झालं. नवा प्रोब (मांसात खुपसायचा थर्मामीटर) बिघडला का? तीनला पंगत आहे. मागच्या वर्षीसारखं लोकांना रिकाम्या ताटांनी उभं ठेवायचं नाही. कृपया "कुकरला लावा" असं सांगू नका.

ऑस्टिनवाले काका:
प्रोब ठीक आहे. आकडा असा अडकतो त्याला 'स्टॉल' म्हणतात. १५० ते १७० मध्ये मोठा तुकडा तासन्‌तास थांबतो. वरचं पाणी उडत राहतं आणि माठासारखं मांस गार राहतं. वरून चांगला रंग धरला असेल तर फॉइलमध्ये दुहेरी, घट्ट गुंडाळ. वाफ कोंडली की आकडा चढतो. गुंडाळल्यावर धूर आत जात नाही, तेव्हा सरळ घरातल्या ओव्हनला २७५ वर ठेव, लाकूड कशाला जाळतोस? २०० च्या आसपास प्रोब कुठेही न अडता आत गेला की काढ. आणि दर दहा मिनिटांनी झाकण उघडू नकोस.

केटीच्या वहिनी:
काका, फॉइलने वरचा थर भिजतो. बुचर पेपर (मांस गुंडाळायचा जाड कागद) लावा. लाकूड कोणतं आहे? मेस्कीट असेल तर काळजी वाटते, आमचं दिवसभराचं चिकन त्यानेच कडू झालं होतं. पोस्ट ओक नाहीतर पीकन घ्यावं.

माजी खजिनदार:
मेस्कीटला उगाच नावं ठेवू नका. त्याचा धूर उग्र आहे, पण जास्त कडूपणा येतो तो कोंडलेल्या आगीच्या दाट पांढऱ्या धुराने. हवा मोकळी ठेवली की धूर पातळ, निळसर येतो. बाकी, कार्यकारिणीत पांढरा रस्सा ठरला होता. मेनू कधी बदलला?

भोजन समिती:
मेनू समितीचा विषय आहे, तुमच्या काळातही होता. रस्सा आहेच. लाकूड ओकचं आहे.

एक शाकाहारी सभासद:
पनीर त्याच जाळीवर असेल तर आमची चार घरं खाणार नाहीत. गणपतीतही हेच सांगितलं होतं.

केटीच्या वहिनी:
पनीर माझ्याकडे, वेगळ्या ग्रिलवर, चिमटेही वेगळे. निश्चिंत या. ढग आलेत, पण स्मोकर गॅरेजमध्ये ओढू नका, दार उघडं असलं तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

भोजन समिती:
बुचर पेपर घरात नव्हता, फॉइल लावून ओव्हनमध्ये टाकलं. आता १७८. काढल्यावर गरम राहावं म्हणून टॉवेलात गुंडाळून कूलरमध्ये (बर्फासाठी वापरतो त्या जाड पेटीत) ठेवायचंय, वाढेपर्यंत १४० च्या खाली जाता कामा नये. मंडळाचा मोठा कूलर स्टोरेजमध्ये आहे. किल्ली कोणाकडे?

माजी खजिनदार:
माझ्याकडे. बारापर्यंत घेऊन येतो. रस्सा किती लिटर केलाय?