व्हॅनला बाहेरून लाइट घ्यायची सोय आणि निघताना प्लग काढायचा विसर

भटकी_व्हॅन:
लोकहो, जुन्या ट्रॅव्हलरची कॅम्पर केलीये. मागच्या महिन्यात हरिहरेश्वरजवळ एका होमस्टेच्या अंगणात गाडी लावली, पडवीतल्या बोर्डावरून एक्स्टेंशन ओढून रात्रभर बॅटरी चार्ज केली, आणि सकाळी ओहोटी आहे तोवर प्रदक्षिणा उरकू म्हणून घाईघाईत गाडी काढली तर मागून फाट्टकन आवाज, बघतो तर अख्खा बोर्ड भिंतीतून निघून केबलला लटकतोय. काकू काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं. नवा बोर्ड बसवून दिला. आता गाडीला नीट सॉकेट करायचंय. काय आणि कुठे बसवू? आणि विसरू नये म्हणून तुम्ही काय करता?

वायरमन_नाशिक:
निळा ३ पिनचा १६ अँपिअरचा इंडस्ट्रियल सॉकेट घे, झाकणवाला. पिना बाहेर आलेला भाग गाडीवर पाहिजे आणि भोकांचा भाग केबलला, हे उलटं केलंस तर भिंतीत जोडलेल्या केबलच्या टोकाला उघड्या जिवंत पिना राहतील. आत लगेच ३० मिलीअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) आणि १६ चा एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा), मग चार्जर. केबल २.५ स्क्वेअर एमएमची ३ कोअर, आणि अर्थिंग गाडीच्या चासीला जोडायचंच, ते टाळलंस तर पत्र्याला हात लावल्यावर कळेल. ड्रमवर गुंडाळलेली केबल पूर्ण सोडून वापर, नाहीतर लोडवर आतल्या आत तापते. आणि साध्या ६ अँपच्या बोर्डावर किटली लावू नकोस रे बाबा, १५०० वॅट म्हणजे त्याच्या वरच जातं.

घाटवाट:
सॉकेट ड्रायव्हरच्या दाराच्या मागेच बसवा, चढताना केबल पायात येते. मी शिवाय २३० व्होल्टच्या कॉइलचा रिले (कॉइलला लाइट मिळाली की आपोआप जोडला जाणारा स्विच) टाकलाय, बाहेरून लाइट असताना इग्निशन ऑन केलं की बझर बोंबलतो.

कोकणातला_मी:
घाटवाट, आयडिया मस्त पण आमच्याकडे चालायची नाही. पावसाळ्यात पहाटे लाइट गेलेलीच असते, मग कॉइलला करंट नाही, बझर गप्प, आणि प्लग मात्र आत! त्यापेक्षा सॉकेटच्या झाकणालाच लिमिट स्विच (झाकणाने दाबलं जाणारं छोटं बटण) लावा, झाकण उघडं असताना इग्निशन ऑन केलं की बझर, लाइट असो नसो. फक्त बझरच हां, इंजिन बंद पाडणाऱ्या भानगडीत पडू नका, घाटात झाकण हादरून उघडलं तर?

वायरमन_नाशिक:
+१, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आणि काढताना आधी भिंतीकडचं बटण बंद, तिथला प्लग काढ, मग गाडीकडचा. लावताना उलट.

आजीची_नात:
आमचे बाबा क्लचच्या पायाची चप्पल प्लगखाली ठेवतात. अनवाणी क्लच दाबला की आठवतं.

भटकी_व्हॅन:
लिमिट स्विच फायनल, सॉकेट दारामागे. चप्पल आज रात्रीपासूनच. पण काकूंचा कुत्रा चपला पळवतो त्याचं काय?