शब्दचर्चा : 'होव्हर' म्हणजे 'घिरट्या घालणे' का?

दुरुस्त_प्रत
ड्रोनचालकांच्या प्रशिक्षणासाठी केलेल्या एका मराठी पुस्तिकेचा मसुदा समोर आहे. त्यात 'होव्हर'ला सगळीकडे 'घिरट्या घालणे' म्हटलंय. 'पिच' एका पानावर 'खेळपट्टी' झालाय, दुसऱ्या पानावर 'स्वर'. शीर्षकात 'मानवरहित हवाई वाहन' आहे आणि आत कुठे 'ड्रोन उडवला', कुठे 'ड्रोन उडवले'. खेळपट्टीचं काय करायचं ते कळतंय. बाकीच्यांबद्दल जाणकारांनी सांगावं. घिरट्या चालतील का?

मांजा_परळ
नाही चालणार. घिरटी घार घालते, म्हणजे गोल फिरते. होव्हरमध्ये यान एका जागी, एका उंचीवर थांबलेलं असतं. त्यासाठी 'अधांतरी थांबणे' हा नेमका शब्द आपल्याकडे तयार आहे. 'तरंगणे' नको. तरंगणारी वस्तू वाऱ्याबरोबर वाहत जाते. ड्रोन वाऱ्याशी झगडून जागा धरून ठेवतो.

'गोता खाणे', 'ढील देणे' हे पतंगाचे शब्दही हवे तर घ्या, पण 'गोता' फक्त उंची एकदम तुटते तेव्हाच वापरा. मुद्दाम खाली आणणं म्हणजे 'उतरवणे'.

फिटर_लालबाग
मांजाभाऊंशी सहमत, पण कारण अजून मोठं आहे. घिरट्या घालणं हे ड्रोनच्या एका ठराविक बिघाडाचं लक्षण आहे. पुस्तिकेत लिहिलं की 'दोन मीटर उंचीवर वीस सेकंद घिरट्या घालू द्या', तर शिकाऊ माणूस बिघाड समोर दिसत असूनही 'बरोबर चाललंय' म्हणेल.

बिघाड असा. जीपीएस सांगतो, यान एक मीटर पश्चिमेला सरकलं. यानातल्या कंट्रोलरने यान पूर्वेला झुकवायला हवं. पण होकायंत्र चाळीस अंशांनी चुकलेलं असेल तर तो ते ईशान्येला किंवा आग्नेयेला झुकवतो. पुढची दुरुस्तीही तशीच तिरकी. तिरक्या दुरुस्त्यांची साखळी म्हणजे चक्कर. चूक थोडी असेल तर चक्कर लहान राहते, जास्त असेल तर रुंदावत जाते आणि शेवटी यान भिंतीवर किंवा झाडात. इंग्रजीत याला संडासाच्या भांड्यातल्या पाण्यावरून नाव दिलंय. आपण 'भोवरा धरणे' म्हणावं.

हे मुंबईत जास्त होतं, कारण उडवायला मोकळी जागा म्हणजे गच्ची. स्लॅबमध्ये लोखंडी सळया, बाजूला लिफ्टची मोटररूम. लोक होकायंत्राचं कॅलिब्रेशन, म्हणजे आकडे जुळवणंही तिथेच करतात, म्हणजे स्लॅबचं लोखंड त्या आकड्यांत कायमचं बसतं. मग मैदानात नेलं की भोवरा. कॅलिब्रेशन गवतावर, गाड्यांपासून दूर करावं. खिशातला मोबाइल आणि किल्ल्या बाजूला ठेवाव्यात. यान सहाही बाजूंवर फिरवावं.

भोवरा धरलाच तर जीपीएसवर चालणारा मोड सोडायचा, फक्त उंची धरणाऱ्या मोडवर यायचं आणि हाताने उतरवायचं. जीपीएस मोडमध्ये रिमोटच्या काड्या हलवत बसलात तर तुम्ही एकीकडे आणि तो दुसरीकडे अशी रस्सीखेच होते.

थ्रॉटल, म्हणजे मोटरांचा जोर, वाढवल्यावरच भोवरा येत असेल तर दोष मोटरांच्या प्रवाहाचा. बॅटरीच्या लाल-काळ्या तारा एकमेकींना पीळ देऊन बांधा आणि होकायंत्र दांडीवर उंच बसवा. आर्डूपायलट या ड्रोन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मोटरांचा होकायंत्रावरचा परिणाम टक्क्यांत मोजता येतो. 30 च्या खाली ठीक, 60 च्या वर असेल तर होकायंत्राची जागाच बदला.

दुरुस्त_प्रत
पटलं. घिरट्या सगळीकडून काढतो.

खाडीकर
सरसकट काढू नका. 'लॉइटरिंग म्युनिशन' म्हणजे लक्ष्य सापडेपर्यंत आकाशात फेऱ्या मारणारं आणि मग त्यावर जाऊन आदळणारं अस्त्र. तिथे 'घिरट्या घालणारे अस्त्र' हेच बरोबर.

आता पिच, रोल, यॉ. हे तिन्ही शब्द मुळात जहाजाचे, विमानाने ते जहाजाकडून घेतले. मग आपणही आपल्या होडीकडून घ्यावेत. होडीच्या पुढच्या टोकाला नाळ म्हणतात. पिच म्हणजे 'नाळ उचलणे' किंवा 'नाळ दाबणे'. नाळ दाबली की ड्रोन पुढे जातो. रोल म्हणजे 'कलणे', डावीकडे किंवा उजवीकडे. लाटेने आपोआप होतो तो 'हेलकावा', चालक मुद्दाम करतो ते 'कलणे'. इंग्रजी 'रोल'मध्ये हा फरक दिसत नाही. यॉला 'गिरकी' नको, गिरकी म्हणजे पूर्ण फेरा. 'मोहरा वळवणे' म्हणा.

फिटर_लालबाग
नाळ झकास. पण 'पिच' आणखी एका जागी येतो, तिथे नाळ लावू नका. पात्यावर 1045 लिहिलेलं असतं. म्हणजे व्यास 10 इंच, पिच 4.5 इंच. पातं लोण्यात स्क्रूसारखं फिरलं असतं तर एका फेऱ्यात साडेचार इंच पुढे गेलं असतं, एवढाच त्याचा अर्थ. वर्कशॉपमध्ये स्क्रूला 'आटे' असतात, म्हणून पात्याच्या पिचला 'आटेअंतर' म्हणावं. आटेअंतर वाढलं की मोटरवर ताण येतो, ती तापते आणि उड्डाणाचा वेळ घटतो.

पुस्तिकेत हेही ठळक छापा : शेजारच्या दोन मोटरी उलटसुलट फिरतात, म्हणून पातीही दोन जातींची असतात. 'उजवी' आणि 'डावी' म्हणा. जागा चुकली की जमीन सोडतानाच यान कलंडतं. मोटरींची दिशा आधी पाती काढून तपासायची, पाती सगळ्यांत शेवटी.

मांजा_परळ
पाती म्हणताय तर चार मोटरींच्या क्वाडकॉप्टरला 'चौपाती' का नको?

व्याकरणवेडी
कारण अर्धी मुंबई तो 'चौपाटी' वाचेल आणि भेळ शोधेल. शिवाय ते खोटंही आहे. चार मोटरींवर प्रत्येकी दोन टोकं म्हणजे पाती आठ. 'चौपंखी'त निराळी अडचण : पंख पक्ष्याला आणि विमानाला, पंखा छताला. चौपंखी वाचून चार पंखांचा चतुर डोळ्यांसमोर येतो. शनीच्या टायटन या चंद्रावर जाणाऱ्या 'नासा'च्या 'ड्रॅगनफ्लाय' या यानाचं नाव चतुराचंच, पण त्याला फडफडणारे पंख नाहीत. चार जागी एकावर एक अशा रोटरच्या चार जोड्या, म्हणजे एकूण आठ रोटर आहेत. त्याला चौ म्हणाल की अष्ट?

खाडीकर
चौपाटीवरच विकत मिळणारा शब्द घ्या की : भिरभिरं. रोटर म्हणजे भिरभिरं, चार रोटरांचा तो 'चौभिरी'.

व्याकरणवेडी
गोड आहे, पण पुस्तिकेत 'क्वाडकॉप्टर'च ठेवा. लोक तेच म्हणतात. जिथे अर्थाचा घोटाळा होतो तिथे मराठी शब्द हवा. जिथे होत नाही तिथे नवा शब्द पाडून फक्त शब्दसूची वाढते. म्हणून 'ड्रोन'ही राहू द्या. इंग्रजीतला त्याचा अर्थ नर मधमाशी. ब्रिटनमध्ये 1935 मध्ये तोफखान्याच्या सरावासाठी 'क्वीन बी' नावाचं रेडिओने चालवायचं विमान आलं, राणीमाशीमागून नरमाशी आली असं सांगतात. आपल्याला त्याचं भाषांतर करायची गरज नाही. 'द्रोण' मात्र लिहू नका, त्यात आमटी वाढतात.

'मानवरहित'लाही माझा विरोध आहे. माणूस यानात नसतो, खाली रिमोट धरून उभा असतो आणि जबाबदारी त्याचीच असते. 'विनाचालक' तर त्याहून वाईट, कारण प्रमाणपत्र चालकालाच लागतं.

लिंग : 'तो ड्रोन' बहुतेकांच्या तोंडी आहे, 'ते ड्रोन' हे विमानाच्या ओढीने येतं. पुल्लिंग धरा, म्हणजे 'ड्रोन कोसळला', 'दोन ड्रोन कोसळले'. सामान्यरूप करू नका : 'ड्रोनाने' नाही, 'ड्रोनने'. सरकारी योजनेचं 'ड्रोन दीदी' हे विशेषनाम आहे, तिची 'ताई' करता येणार नाही, वाटली तरी.

नियमावली
'उंची' हा शब्द राहिलाच, आणि त्यात मुंबईत फसायला होतं. स्क्रीनवरची उंची बहुधा जिथून उडवलं तिथपासूनची असते. वीस मजली गच्चीवरून उडवलं तर गच्चीवर शून्य दिसतं आणि रस्त्यालगत उणे साठच्या आसपास. ड्रोन नियम 2021 मधली हिरव्या क्षेत्राची, म्हणजे जिथे आधी परवानगी लागत नाही तिथली, 400 फूट, म्हणजे 120 मीटरची मर्यादा मात्र जमिनीपासून आहे. म्हणजे त्या गच्चीवर स्क्रीनने साठ दाखवले की संपलं. 'उठाव-उंची' आणि 'भू-उंची' असे दोन शब्द करा. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किमीच्या पट्ट्यात हिरवी मर्यादा 200 फुटांवर येते. मुंबईत लाल, म्हणजे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता न येणारी क्षेत्रंही बरीच आहेत, शिवाय पोलिसांचे तात्पुरते मनाई आदेश निघत असतात. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा त्याच दिवशी पाहायचा.

वजनाचे वर्ग भाषांतरित करू नका. 'मायक्रो' म्हणजे 250 ग्रॅमच्या वर 2 किलोपर्यंत. दोन किलोच्या कलिंगडाला 'सूक्ष्म' कोण म्हणेल?

दुरुस्त_प्रत
शेवटचे दोन. 'रिटर्न टू होम'ला मसुद्यात 'घरवापसी' आहे. 'फेलसेफ'ला 'सुरक्षित अपयश'.

फिटर_लालबाग
घरवापसीला आता वेगळा वास आहे. 'परतणे' म्हटलं की कांदा आठवतो. 'माघारी येणे' साधं आणि स्पष्ट. त्याबरोबर 'माघारीची उंची' हा शब्दही लागेल, कारण आर्डूपायलटमध्ये ती मुळात 15 मीटर असते. म्हणजे सुमारे पाच मजले. संपर्क तुटला की ड्रोन तेवढाच वर चढून सरळ रेषेत माघारी निघतो आणि मधल्या टॉवरवर आदळतो. आसपासच्या सगळ्यांत उंच इमारतीपेक्षा ती दहा-पंधरा मीटर जास्त ठेवा. ती परवानगीच्या उंचीत बसत नसेल तर त्या जागी उडवायचंच नाही.

खाडीकर
फेलसेफला 'आपसूक बचाव' म्हणा. आणि संपर्क तुटल्यावर काय करायचं त्याचे पर्याय क्रियापदांत लिहा : माघारी ये, जागीच उतर, अधांतरी थांब. खाडीवर उडवताना 'जागीच उतर' निवडलं असेल तर ड्रोन आज्ञाधारकपणे पाण्यातच उतरतो.

नियमावली
आणि 'अधांतरी थांब' निवडलं तर बॅटरी संपेपर्यंत थांबतो, मग तोही पाण्यात.