मागून 'टक्' वाजलं की कमानीच बदलायच्या का? (एमजीबी जीटी, १९७२)

कॉव्हेंट्रीकर
गाडी १९७२ ची एमजीबी जीटी, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी, तारांची चाकं. माझ्याकडे सहा वर्षं आहे. तक्रारी तीन. अ‍ॅक्सिलरेटर सोडून परत दाबला की मागून 'टक्'. उजवी बाजू, म्हणजे इथे इंग्लंडात ड्रायव्हरची, मागून बसलेली. आणि राउंडअबाउटवर मध्येच पाय उचलला की शेपूट आपल्या मनाने वळतं.

मागच्या हिवाळ्यात एका गॅरेजला दाखवली. गाडीखाली डोकं न घालताच त्यांनी 'स्प्रिंग गेल्यात' असं सांगितलं. नव्या कमानी (पोलादी पाट्यांच्या स्प्रिंग) टाकल्या, नवे बुश (सांध्यातली रबरं) टाकले, बिल हातात ठेवलं. घरी आणली तर मागची बाजू सव्वा इंच वर आणि टक् जसाच्या तसा. शेपटाचंही तेच. दुखत होता दात आणि बदलला चष्मा.

माझं मत सरळ आहे. 'पन्नास वर्षांची गाडी, सगळंच बदला' याला निदान म्हणत नाहीत. या गाडीच्या मागे आहे काय? एक अखंड अ‍ॅक्सल, दोन कमानी, उसळी जिरवणारे दोन लिव्हर डॅम्पर आणि अ‍ॅक्सल फार खाली लोंबू नये म्हणून दोन रबरी पट्टे. एवढंही न तपासता पार्ट मागवणं म्हणजे शुद्ध आळस. ज्यांना पटत नाही त्यांनी भांडावं.

नेकारकाठी
भांडतो. तुम्ही तपासायला बोल्ट खोलणार, तो गंजलेला निघणार, शेवटी ग्राइंडरने कापणार. चार तास गेले. आता आत सापडलेला जुना बुश 'बरा दिसतोय' म्हणून परत घालणार का? मी स्टुटगार्टजवळ राहतो, इथे गॅरेजचा तास सोन्याच्या भावाने मिळतो. बुश त्या मानाने फुकट. एकदा खोललं की सगळं नवं, आणि जमलं तर पॉलीयुरेथेनचं.

शिवाय ते आर्मस्ट्राँगचे लिव्हर डॅम्पर! तेलाच्या डब्यात पिस्टन आणि बाहेर एक दांडी. काढा आणि टेलिस्कोपिक (आजकालचे नळीवाले) लावा. निदान वगैरे हौस ज्यांना रविवार मोकळा असतो त्यांची.

दापोडी_निवृत्त
मी एसटीच्या दापोडी वर्कशॉपला होतो, जन्म कमानपाट्यात गेला. तुमची ही विलायती गाडी मुलाने लेस्टरला दाखवली तेव्हा खाली वाकलो आणि हसू आलं. आमच्या लाल डब्याचंच लहान भावंड.

नेकारकाठी, तुमचं मजुरीचं गणित बरोबर, पण खोलण्याआधी बघायचं बरंच असतं आणि त्याला पाना लागत नाही.

सपाट जमीन, चारही टायरची हवा मापून, गाडी रिकामी. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्हीकडे माप घ्या आणि लिहून ठेवा. मग पुढच्या क्रॉसमेंबरच्या (चाकांमधल्या आडव्या तुळईच्या) बरोबर मध्यावर ट्रॉली जॅक लावून पुढची चाकं उचला. मागची बाजू सरळ झाली तर दोष पुढच्या स्प्रिंगमध्ये आहे, मागच्या कमानी निर्दोष. तिरकीच राहिली तर मागे शोधा. गाडी चारपायी खाटेसारखी असते, एक पाय आखूड झाला की समोरचा कोपरा डुगडुगतो.

दुसरं, खडू. कमान आणि खालची प्लेट जिथे यू-बोल्टने आवळलेली असते तिथे दोघींवरून एकच रेघ ओढा. पाच-सात मैल चालवा, जोरात ब्रेक मारा, परत बघा. रेघ तुटली असेल तर अ‍ॅक्सल सरकतोय, म्हणजे यू-बोल्ट ढिले किंवा सेंटर बोल्ट (पाटे मधोमध धरणारा) गेला. एसटीत सेंटर बोल्ट तुटला की अ‍ॅक्सलचं हाऊसिंग तिरकं व्हायचं आणि बस खेकड्यासारखी चालायची. तुमचं शेपूट वळतंय ते हेच असू शकतं.

निळी_रोडस्टर
काका, खडूची युक्ती मी उचलली! पण उंचीच्या मापाबद्दल माझं वेगळं मत. अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून निघालेल्या या गाड्यांचे पत्रे दोन्हीकडे सारखे असतील याची खात्री नाही, त्यात मधल्या काळात कुणी मडगार्ड बदललं असेल तर संपलंच. मी अ‍ॅक्सलच्या नळीपासून वरच्या चॅसिस रेलपर्यंत मोजते. आणि पेट्रोलची टाकी उजवीकडे, ड्रायव्हरही उजवीकडे, त्यामुळे ती बाजू थोडी बसलेली असणं नवल नाही.

कॉव्हेंट्रीकर, टक् कमानीचा नाही असं मला पहिल्या वाक्यातच वाटलं. पाय उचलताना आणि दाबताना वाजतो म्हणजे ताकद जिथून चाकाकडे जाते त्या रस्त्यात प्ले (ढिलेपणा) आहे. तारांचं चाक ज्यावर चढतं त्या हबवर दाते असतात, ते झिजतात. मागची बाजू स्टँडवर घ्या (नुसत्या जॅकवर नाही, कृपा करून), हँडब्रेक पूर्ण ओढा आणि चाक दोन्ही हातांनी मागेपुढे फिरवून बघा. चाक हललं आणि ब्रेकचा ड्रम जागेवर राहिला तर दाते गेलेत. त्याआधी मधला नट नीट आवळलाय ना तेवढं बघा, कधीकधी रोग एवढाच असतो.

चाक घट्ट असेल तर खाली झोपा. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक तसाच, प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागे जाणारा दांडा) हाताने फिरवा. त्याच्या टोकाच्या सांध्यात, म्हणजे क्रॉसमध्ये, प्ले दिसला तर क्रॉस. क्रॉस घट्ट आणि तरी शाफ्ट बराच फिरून मग थांबतो, तर डिफरन्शियल (अ‍ॅक्सलच्या मधली गिअरपेटी). थोडा प्ले असतोच, घाबरू नका. जीटीला पहिल्यापासून नळीवाला अ‍ॅक्सल आहे, मागचं झाकण काढून आतले थ्रस्ट वॉशर बदलता येतात. माझे निघाले तेव्हा तांब्याचे वॉशर पापडासारखे पातळ झाले होते.

नेकारकाठी
ताई, हे सगळं मान्य. डॅम्परचं काय? बंपर दाबून सोडायचा आणि किती वेळा हलतो ते मोजायचं, हीच ना तुमची तपासणी?

निळी_रोडस्टर
नाही. कमानीचे पाटे एकमेकांवर घासतात, त्या घर्षणानेच गाडी थांबते. मेलेल्या डॅम्परवरही बंपरची परीक्षा पास होते. डॅम्परची खालची लिंक सोडवायची आणि दांडी हाताने पूर्ण वर, पूर्ण खाली न्यायची. सगळीकडे सारखा जड विरोध हवा. मध्येच हात रिकामा गेला तर तेल कमी आहे किंवा आतली झडप गेली. स्पिंडलपाशी (दांडी जिथून फिरते तिथे) तेलाचा ओला डाग असेल तर नुसतं तेल भरून उपयोग नाही, दुरुस्त केलेला घ्या. आणि चांगला असेल तर ठेवा! टेलिस्कोपिकचा ब्रॅकेट त्याच दोन भोकांवर बसतो, मला तो भार पटत नाही.

सोमवारचा_मेकॅनिक
सगळे हुशार आहेत, पण स्क्रू ड्रायव्हर कुणीच काढला नाही. मे २०१८ पासून इथे ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरच्या, मूळ रचना फारशी न बदललेल्या गाड्यांना वार्षिक एमओटी तपासणीतून सूट आहे. मालक खूश. पण आता या गाड्यांखाली दरवर्षी कोण बघतंय? कमानीचं पुढचं टोक जिथे बॉडीला लागतं तिथला पत्रा आतून मिठाने खाल्लेला असतो आणि वरून अंडरसील (गंज रोखणारा लेप) चकचकीत. तिथे टोचा. स्क्रू ड्रायव्हर आत गेला तर खडू, जॅक, डॅम्पर सगळं बाजूला ठेवा आणि वेल्डर शोधा.

दुसरं, टायर. बाजूवरचा चार आकडी कोड वाचा. माझ्या गाडीवर '४००८' होतं, म्हणजे २००८ चा चाळिसावा आठवडा. नक्षी भरपूर, रबर लाकूड. शेपूट वळण्याचं कारण मी वर्षभर बुशमध्ये शोधत होतो.

कॉव्हेंट्रीकर
शनिवारी बसलो. पत्रा टणक आहे, देवाची कृपा. मागचं उजवं चाक हँडब्रेकवर हलवलं, टक्! तोच आवाज, हाताने वाजवला. डावं अगदी घट्ट. दाते पाहिले तर टोकं करवतीसारखी एका बाजूला झुकलेली. खडूची रेघ मात्र तुटली नाही. टायरचा कोड सांगायला लाज वाटते, '१२११'.

नेकारकाठी
म्हणजे हब, चाक आणि टायर नवे. घ्या, शेवटी बदललंच की.

निळी_रोडस्टर
उजवीकडचं हब आणि चाक दोन्ही एकदम घ्या. नव्या हबवर जुनं चाक चढवलं तर तेही लवकर खाल्लं जाईल. ऑर्डर देताना बाजू सांगायला विसरू नका, दोन्हीकडचे आटे उलटसुलट असतात.

दापोडी_निवृत्त
आणि तो सव्वा इंच? कमानीच्या पुढच्या डोळ्यातला (टोकाच्या भोकातला) बोल्ट गॅरेजने कधी आवळला, गाडी चाकांवर असताना की हवेत?

कॉव्हेंट्रीकर
विचारलं नव्हतं काका. लिफ्टवरच होती, म्हणजे हवेतच.

दापोडी_निवृत्त
मग रबर जन्मभर पिळलेलं राहणार आणि गाडीला वर ढकलणार. चारही चाकांखाली रॅम्प घाला, बोल्ट ढिला करा, दोन-तीनदा मागून दाबा, मग आवळा.

कॉव्हेंट्रीकर
आज केलं. ढिला करताच 'कर्र' असा आवाज आला आणि मागची बाजू अर्ध्या इंचाच्या आसपास खाली बसली. उरलेला पाऊण इंच नव्या कमानींचा, तो दोन हिवाळे बघतो. काका, लेस्टरला परत कधी येताय?