काजूचं दुकान ऑनलाइन न्यायचं तर हिशेब कुठे चुकतो?

म्हापसेकर:
गोव्यात बाजारात माझं काजूचं छोटं दुकान आहे, जीएसटी कंपोझिशनमध्ये (छोट्या दुकानदारांची सोपी कर-योजना). गिऱ्हाईक डब्ल्यू-320 या ग्रेडच्या काजूचा भाव मोबाइलवर बघूनच पायरी चढतं आणि तोच भाव मागतं. पुण्या-मुंबईहून व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डरी येतात. त्या कुरियरने पाठवल्या तर चालेल का? मार्केटप्लेसवर, म्हणजे अनेक दुकानदार विकतात अशा ऑनलाइन बाजारात, जाण्याआधी काय बघावं?

हिशेबनीस_डिचोली:
बाब, माल गोव्याबाहेर गेला की कंपोझिशन चालत नाही, मग ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपची असली तरी. 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी न लागण्याची मर्यादा तिथे कामाची नाही. पहिल्या किलोपासून नियमित नोंदणी लागते. 1 ऑक्टोबर 2023 पासून कंपोझिशनवाल्याला मार्केटप्लेसवर विकता येतं, पण राज्याच्या आतच. शिवाय मार्केटप्लेस तुमच्या विक्रीच्या पैशांतून 0.5 टक्के टीसीएस (आगाऊ कर) कापतं. जीएसटी पोर्टलवर तो स्वीकारल्याशिवाय तुमच्या कॅश लेजरला, म्हणजे तिथल्या कर भरायच्या खात्याला, जमा होत नाही, आणि बरेच जण हे विसरतात.

फोंडा_पॅकिंग:
खरा पैसा खोक्यात जातो. कुरियर खोक्याच्या आकारावरूनही वजन काढतात आणि खऱ्या वजनापेक्षा ते जास्त आलं तर त्याचेच पैसे लावतात. 30×20×15 सेंमीचं खोकं म्हणजे 9000, त्याला 5000 ने भागलं की 1.8 किलो. आत किलोभर काजू असले तरी बहुतेक कुरियर 2 किलोचे पैसे लावतात. अर्ध्या किलोच्या दोन पिशव्या 24×16×10 मध्ये सहज बसतात. तिथे आकाराचं वजन 0.77 किलो येतं, म्हणजे खऱ्या वजनाचेच पैसे पडतात.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. गरात ओलावा 5 टक्क्यांच्या वर गेला की काजू मऊ पडतो, आणि पावसात साध्या प्लास्टिकच्या पिशवीत हे लवकर होतं. आतून फॉइलचा थर असलेली पिशवी घ्या. सालीचे भाजलेले काजू भरताना सालपटं तोंडाशी चिकटतात आणि सील तिथेच सुटतं. तोंड कोरड्या फडक्याने पुसून मगच सील करा, नंतर पिशवी पाण्यात दाबून बघा. बुडबुडा आला तर ती पाठवू नका. कॅश ऑन डिलिव्हरी सुरुवातीला बंदच ठेवा. गिऱ्हाइकाने पार्सल नाकारलं की जाण्या-येण्याचा खर्च बहुधा तुमच्याच माथी.

पेडण्याची_बी:
भावाच्या शर्यतीत उतरूच नका. डब्ल्यू-320 हा फक्त आकार आहे, एका पौंडात साधारण 300 ते 320 गर. आफ्रिकेतून आलेली बी इथे सोलली तरी तोच ग्रेड लागतो. मोबाइलवर दिसणारा भाव कुठल्या बियांचा, हे गिऱ्हाइकाला कळत नाही. तुम्ही गावठी बियांचे सालीचे काजू विका. गोव्याच्या काजूला 2023 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं आहे, पण तो शिक्का छापण्याआधी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करा. लेबलावर एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) 14 आकडी क्रमांक, निव्वळ वजन, एमआरपी, पॅकिंगचा महिना-वर्ष आणि तक्रारीचा फोन हवाच.

अमेरिकेची किरकोळ ऑर्डर मात्र सध्या नको. 800 डॉलरपर्यंतची शुल्कमाफी 29 ऑगस्ट 2025 ला संपली. आता एका किलोच्या पार्सललाही ती माफी नाही आणि विक्रीच्या खाद्यमालाची आगाऊ सूचना वेगळी द्यावी लागते.