जांभूळबीच्या अर्कासाठी ३० रॅट: समितीची हरकत रास्त आहे का?

अर्कशाळा (प्रश्न)

एम.फार्म.च्या प्रबंधाचा प्रस्ताव कॉलेजच्या प्राणी-नीतिमत्ता समितीकडून, म्हणजे आयएईसीकडून, तीन शेरे मारून परत आला आहे. विषय: जांभूळबीच्या अल्कोहोली अर्काचा रक्तशर्करेवर होणारा परिणाम. ठिकाण पुणे, आराखडा नेहमीचाच. विस्टार रॅट, नर, १८० ते २२० ग्रॅम. पाच गट, प्रत्येकी सहा: निरोगी, औषधाविना मधुमेही, ग्लिबेनक्लामाइड (तुलनेसाठी मधुमेहाचं औषध), अर्क २०० मिग्रॅ/किग्रॅ आणि अर्क ४०० मिग्रॅ/किग्रॅ. रॅटना मधुमेही करण्यासाठी स्ट्रेप्टोझोटोसिन हे रसायन, ६० मिग्रॅ/किग्रॅ, पोटाच्या पोकळीत एकदाच टोचून. पुढे २८ दिवस तोंडावाटे डोस. शिवाय ओईसीडी ४२३ या आंतरराष्ट्रीय चाचणी-नियमाप्रमाणे तीव्र विषाक्ततेसाठी ६ माद्या.

शेरे असे: गटात सहाच का? प्राण्यांशिवाय काय करून पाहिलं? प्राणी फार खालावला तर काय करणार?

पहिल्याचं उत्तर जुन्या प्रबंधांत सापडतं ते एवढंच: "सांख्यिकीयदृष्ट्या पुरेसे". ते चालणार नाही हे कळतंय. खरं उत्तर कसं लिहायचं? आणि एका पदवीसाठी ३० जीव घेणं योग्य की अयोग्य, हे ठरवायचं कशावर?

---

पाषाण_सर्कल

सहा हा आकडा आपल्याकडे कुळाचारासारखा चालत आलाय. कुणी विचारत नाही म्हणून कुणी सांगत नाही. तुमच्या समितीने विचारलं, बरं झालं.

आकडा काढायचे दोन मार्ग. मापात किती चढउतार होतो याची काहीच माहिती नसेल तर साधं सूत्र: एकूण प्राणी वजा एकूण गट. उत्तर १० ते २० च्या मध्ये असावं. तुमचं ३० वजा ५, म्हणजे २५. समितीचं बोट बहुधा इथेच अडलं असणार. तुलनेसाठी, कोव्हॅक्सिनची २०२० मधली माकडांवरची चाचणी आपल्याच एनआयव्हीने, म्हणजे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने, केली. त्यात २० माकडं होती, पाचाचे चार गट. सूत्राने १६ येतात.

पण तुमच्या बाबतीत माहिती नाही असं म्हणता येणार नाही. या मॉडेलवर, म्हणजे रॅटमध्ये असा मुद्दाम आणलेल्या मधुमेहावर, शेकडो लेख आहेत, म्हणजे प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती विखुरतात ते) मिळतं. मग पॉवरचं, म्हणजे खरा फरक असेल तर तो सापडण्याच्या शक्यतेचं, गणित करा; त्यासाठीचं जी-पॉवर हे सॉफ्टवेअर फुकट आहे. समजा अर्काने साखर निदान ८० मिग्रॅ/डेलि उतरली तरच तिला अर्थ आहे असं तुम्ही ठरवलं. विचलन ४० असेल तर ८० टक्के पॉवर आणि ५ टक्के पातळीला दोन गटांच्या तुलनेत प्रत्येकी ६ लागतात. विचलन ६० झालं की तेच १० होतात. हे नीट बघा. फरक तोच, औषध तेच, फक्त तुमचे आकडे जास्त विखुरले म्हणून गटामागे चार जीव वाढले. आकडे विखुरतात ते बहुतेक वेळा अ‍ॅनिमल हाउसमधल्या हलगर्जीपणाने. त्यावर कुणी पशुवैद्याने लिहिलं तर बरं.

सहा हवेच असतील तर अर्काचा एक डोस गाळा. चार गट, २४ प्राणी, सूत्रानेही बरोबर २० येतात. दोन डोस ठेवायचे ते कशासाठी? "डोस वाढला की परिणाम वाढतो" हे दाखवायला दोन बिंदू तसेही अपुरेच.

आता खरी अडचण, जी समितीने विचारलेलीच नाही. ६० मिग्रॅला स्ट्रेप्टोझोटोसिन बीटा पेशी (स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी) जवळपास साफ करतं. तो प्राणी इन्सुलिनविना जगतो, म्हणजे टाइप १ च्या जवळचा. जांभूळबीचा दावा टाइप २ साठी. त्यात तुलनेचं औषध ग्लिबेनक्लामाइड, जे बीटा पेशींना पिळून इन्सुलिन काढतं. पिळायला पेशीच उरल्या नाहीत तर ते काय करणार? अशा प्रयोगात तीस काय, एक रॅटसुद्धा फुकट गेला.

पर्याय दोन. निकोटिनामाइड ११० मिग्रॅ/किग्रॅ आधी, १५ मिनिटांनी स्ट्रेप्टोझोटोसिन. काही बीटा पेशी वाचतात आणि ग्लिबेनक्लामाइडला अर्थ येतो. किंवा काही आठवडे जास्त चरबीचा आहार आणि मग ३० ते ३५ मिग्रॅचा छोटा डोस, सोबत तुलनेला मेटफॉर्मिन. दुसरा मार्ग वेळखाऊ आहे, पण टाइप २ च्या जवळ तोच जातो.

---

खडकीचा_पशुवैद्य

बोलावणं आलंच आहे तर लिहितो. शेरा तिसरा आणि वरचा विखुरण्याचा मुद्दा, दोन्ही एकाच ठिकाणी येतात.

स्ट्रेप्टोझोटोसिन सायट्रेट बफरमध्ये, पीएच ४.५, बर्फावर, उजेडापासून झाकून, आणि विरघळवल्यावर १० ते १५ मिनिटांत संपवायचं. सकाळी एकदाच बनवून ३० प्राण्यांना तासभर देत बसलं की पहिल्याला पूर्ण डोस आणि शेवटच्याला जोर उतरलेलं औषध. मग काही रॅट मधुमेही होत नाहीत, म्हणून पुन्हा टोचणं, आणि त्यात मरतात ते वेगळेच. पाच-पाच प्राण्यांपुरतं वजन करून ठेवा आणि आयत्या वेळी विरघळवा. हातमोजे, मास्क हवेतच, ते कर्करोगकारक आहे.

मृत्यू सगळ्यात जास्त होतात ते पहिल्या २४ तासांत, आणि ते साखर वाढून नव्हे, उतरून. मरणाऱ्या बीटा पेशी साठवलेलं इन्सुलिन एकदम सोडतात. पिण्याच्या पाण्यात ५ ते १० टक्के साखर एक दिवस ठेवली तर हे बरेचसे टळतात. ७२ तासांनी उपाशीपोटी मापायचं, साखर २५० मिग्रॅ/डेलिच्या वर असेल तो प्रयोगात.

उपाशी म्हणजे किती? रात्रभर ठेवू नका. रॅट खातो तो मुख्यतः रात्रीच, त्यामुळे रात्रीचा उपास म्हणजे त्याचा जवळजवळ पूर्ण दिवसाचा. सकाळपासून सहा तास पुरे. रक्त शेपटीच्या टोकाचा एक थेंब. ग्लुकोमीटरला तेवढंच लागतं, डोळ्यामागून काढायचं कारण नाही.

तोंडावाटे डोस: गोल टोकाची सुई, १६ किंवा १८ गेज, नाकापासून शेवटच्या बरगडीपर्यंत लांबी आधी मोजून. १० मिलि/किग्रॅ ही कमाल, ५ वर भागवा. अर्क ०.५ टक्के सीएमसीच्या (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज) द्रावणात घोटून घ्या; गुठळी राहिली की सुई अडते, जोर लावला की श्वासनलिकेत जातं. असा मेलेला रॅट नोंदवहीत "अर्काची विषाक्तता" म्हणून जातो. शवविच्छेदनात फुप्फुस बघितलं तर खरं कारण कळतं, पण ते बघायला कुणाला वेळ असतो?

आता पुण्याचं. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत साखरेची मापं ठेवू नका, पेठांमध्ये किंवा मिरवणुकीच्या रस्त्यालगत अ‍ॅनिमल हाउस असेल तर नक्कीच नाही. ढोलताशाने कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं संप्रेरक चढतं, त्यासोबत साखरही, आणि ती प्रत्येक प्राण्यात सारखी चढत नाही. हेच ते विचलन ४० चं ६० होणं. दिवाळीचे फटाके तसेच. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज आणि पाणी जातं ते सगळ्यांना माहीत, पण एसी बंद पडून खोली तापते याची नोंद क्वचितच दिसते. जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ७० टक्क्यांवर जाते. त्यात मधुमेही रॅट दिवसाला १०० मिलिपेक्षा जास्त पाणी पितो आणि तेवढंच मुततो. भाताचं तूस आठवड्यातून दोनदा बदलण्याचं वेळापत्रक निरोग्यांसाठी आहे. यांचं रोज बदलायचं, पाण्याची दुसरी बाटली लावायची.

तिसऱ्या शेऱ्याचं उत्तर असं लिहा: सुरुवातीच्या वजनात २० टक्के घट, किंवा पाठ कुबडी, केस उभे, हात लावला तरी हालचाल नाही, किंवा पाण्यापर्यंत पोचता येत नाही. यांतलं एक दिसलं की त्याच दिवशी वेदनारहित मृत्यू, २८ व्या दिवसाची वाट बघायची नाही. कोण बघणार, किती वेळा बघणार, रविवारी कोण येणार, तेही लिहा. रविवारचं कोणीच लिहीत नाही.

---

साळुंकी

वरचं सगळं उपयोगाचं आहे, पण तुम्ही दोघंही प्रयोग होणारच असं धरून चाललात. त्यांचा शेवटचा प्रश्न तसाच राहिला.

१९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याचं कलम १७ वाचा. प्रयोग निव्वळ हाताचं कसब मिळवण्यासाठी शक्यतो करू नयेत, असं त्यात स्पष्ट आहे. जांभूळबीवर स्ट्रेप्टोझोटोसिनचे प्रयोग कैक वर्षं होत आलेत. निकाल माहीत आहे, मॉडेल तेच, डोस तोच, मग उरतं काय? विद्यार्थ्याचा हात बसणं. कायद्याची भाषा लावली तर हा प्रस्ताव पहिल्या पानावरच अडतो.

दुसऱ्या शेऱ्याला "पर्याय उपलब्ध नाही" असं लिहू नका, कारण आहेत. अल्फा-ग्लुकोसिडेज आणि अल्फा-अमायलेज या पिष्ट पचवणाऱ्या एन्झाइमांना अर्क रोखतो का, ही रोधचाचणी टेस्ट ट्यूबमध्ये होते, अकार्बोज हे औषध तुलनेला. स्नायूपेशींत ग्लुकोज किती शिरतं हे एल-६ पेशींवर, इन्सुलिन स्रवतं का हे आरआयएन-एम५एफ या इन्सुलिन स्रवणाऱ्या पेशींवर. पेशी मागवायला लांब जायला नको, एनसीसीएसचा (राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राचा) पेशीसंग्रह गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारातच आहे. यांत अर्क काहीच करत नसेल तर रॅटपर्यंत जायचं कारणच उरत नाही. करत असेल तर निदान कोणत्या मार्गाने, हे कळतं, आणि मॉडेल त्यावरून निवडता येतं.

विषाक्ततेच्या ६ माद्याही तपासा. त्याच भागाच्या, त्याच द्रावकातल्या अर्काची २००० मिग्रॅची चाचणी छापलेली असेल तर ती पुन्हा करायला कुणी सांगितलेलं नाही.

---

पाषाण_सर्कल

साळुंकी, बऱ्याच अंशी मान्य. एकच दुरुस्ती. पेशींवरचा अर्क आणि पोटातून गेलेला अर्क एक नसतो. जांभूळबीतली टॅनिन्स (तुरट द्रव्यं) ट्यूबमध्ये जवळजवळ कोणतंही एन्झाइम बांधून टाकतात आणि रोध ९० टक्के दिसतो. आतड्यातून शोषलं किती जातं, हे त्यात कळत नाही. म्हणून टॅनिन काढलेला अर्कही सोबत चालवा. तो निष्प्रभ निघाला तर तुमचा निकाल जांभळाचा नसून टॅनिनचा आहे.

---

अर्कशाळा

तिघांचे आभार. आता असं योजतोय: आधी एन्झाइम आणि एल-६, टॅनिनसह आणि टॅनिनविना. त्यात काही दिसलं तरच निकोटिनामाइडचं मॉडेल, चार गट, २४ रॅट, काम दिवाळीनंतर. विषाक्ततेचा भाग वगळला. शेवटी स्वादुपिंडाचे छेद घ्यायचे आहेत. कॉलेजमध्ये त्यासाठी ईथर वापरतात. समितीच्या अर्जात, म्हणजे फॉर्म बी मध्ये, तेच लिहू का?

---

खडकीचा_पशुवैद्य

नको. ईथर श्वासमार्गाला झोंबतं, प्राणी धडपडतो, शिवाय पेट घेतं. कार्बन डायऑक्साइड लिहा: पेटी आधी भरून ठेवायची नाही, प्राणी आत ठेवून मग दर मिनिटाला पेटीच्या आकारमानाच्या ३० ते ७० टक्के या वेगाने सोडायचा. फ्लोमीटर सिलिंडरला लावलेला हवा, अंदाजाने नळ फिरवून हा वेग साधत नाही. श्वास थांबल्यावरही काही मिनिटं गॅस चालू ठेवा आणि मृत्यूची खात्री करूनच छेद घ्या. स्वादुपिंड लगेच फॉर्मलिनमध्ये टाका, ते स्वतःच्याच एन्झाइमने मिनिटांत विरघळायला लागतं. यकृत आणि मूत्रपिंडही काढून ठेवा. विभागात कुणाला तरी मधुमेही ऊतक लागत असेल, त्याचे सहा रॅट वाचतील.

---

साळुंकी

आणि बैठकीची तारीख आधी विचारा. सरकारने नेमलेला सदस्य नसेल तर ती बैठक धरत नाहीत, प्रस्ताव पुढच्या वेळेवर जातो. तेवढ्या वेळात एन्झाइमचं काम होऊन जाईल.